आबांची गोळी

माकणी,
१३ डिसेंबर २०२४

संघप्रिया,

जय भीम. याच्या पुढं 'अनेक आशीर्वाद' लिहावं का न्हाय, ते ठरंना. म्हणून तेवढी जागा मोकळी सोडतो.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आई धडधाकट हाय. परवाच हुरड्यावरून बंडप्पाच्या बायकोसंगं भांडून आली. मी बी बरा हाय, खोकला सोडला तर. आईला तुझा फोन आला की मी अंगणात जाऊन बसतो आणि बोलणं झालं की आत येतो. चार वर्षं असंच चाललंय. आता मी फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर माझ्याच्यानं बोलवलं नसतं. म्हणून कागद घेतला.

तू डाक्टर हाईस म्हणून विचारतो, लेक म्हणून न्हाय. तेरखेड्याकडची एक बाई हाय. फटाक्याच्या कामावर जाती. वय एकोणतीस, रंगानं सावळी, उजव्या हातावर भाजल्याचा डाग. नवरा टेंपो चालवतो. तिला दोन वर्षांपासून बीपी हाय. एकशे साठ-शंभर म्या सोता मोजलेलं. तिला एनालाप्रिल पाचची गोळी चालू हाय, रोज एक. मी खातो तीच. गुण बी चांगला आला, एकशे तीसच्या वर कधी गेलं न्हाय. जरा कोरडा खोकला लागलाय, पण थंडीचे दिवस हाईत.

काल कळलं की ती बाई गरवार हाय. पाचवा सरत आला.

गोळी चालू ठेवायची का बंद करायची, एवढंच सांग. आमच्या दवाखान्याचे डाक्टरसाहेब असते तर त्यांनाच विचारलं असतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांनी ही गोळी मला कशी समजावली होती, ते अजून ध्यानात हाय. म्हणायचे, "पिराजी, रक्ताच्या नळ्या आवळणारं एक रसायन अंगात तयार होतं. ते तयार करून घेणारा जो एन्झाइम असतो, तो मुकादम समज. ही गोळी त्या मुकादमाला खाटंवर बसवून ठेवती. मुकादम बसला की नळ्या सैल पडतात आणि दाब उतरतो." इतकं ध्यानात हाय. पोटुशी बाईचं काय सांगितलं होतं, का सांगितलंच नव्हतं, ते मात्र काही केल्या आठवंना. काल माझ्या गोळ्यांच्या डब्यातल्या एका खोक्यात बारीक अक्षरांचा कागद सापडला. भिंग लावून वाचला. त्यात गरवार बायांसाठी एक ओळ चौकट टाकून छापलीय. ती तीनदा वाचली, पोरी.

गोळी आजपासून बंद केली. पण बंद केल्यानं बीपी चढलं तर? तिचे आधी दोन गेलेत. रोज सकाळी चहासंगं माझ्यासमोर गोळी गिळायची. उद्या तिनं हात पुढं केला तर काय सांगू?

लवकर कळव. माझ्या फोनवर कळव, तुझ्या भावाच्या, राजपालच्या नको.

पिराजी कंपाउंडर

माकणी,
१८ डिसेंबर २०२४

संघे,

तुझा मेसेज काल सकाळी पावणेनऊला आला. इतक्यांदा वाचला की पाठ झालाय. "गोळी आत्ता बंद. डॉक्टरांकडून बीपीची दुसरी गोळी आजच चालू करा, मधे खंड नको. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी मोजा. आणि तेरखेड्याहून रोज सकाळी माकणीला चहाला कोण येतं, आबा?"

चार वर्षांनी तू मला आबा म्हटलीस, ते असं.

म्या खोटं रचायला बसलो की लई बारकावे घालतो, हे तुझी आई नेहमी म्हणती. भाजल्याचा डाग, फटाक्याचं काम, सगळं घातलं आणि चहाचं लिहून बसलो. तेरखेड्याची बाई बिई कुणी न्हाय. तुला दोनच शब्द उलट पाठवले, 'आपली सोनाली'. मग तू राजपालला फोन लावलास. तो दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच, फोन कानाला, आणि नजर माझ्यावर. टेंपो काढला आणि तिला घेऊन गेला. दुसरी गोळी कालच चालू झाली. सोलापूरला परवा दिवशी सोनोग्राफी हाय.

आता हे कसं झालं ते ऐक. फोनवर मला सांगवणार न्हाय, म्हणून कागदावर सांगतो. कागदावर रडू ऐकू येत न्हाय.

दुसरा गर्भ गेला तेव्हा म्या सोनालीचं बीपी मोजलं. राजपाल म्हणाला, लोहाऱ्याला नेतो. म्या म्हटलं, कशाला? घरात मी बसलोय की, चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेला. दुसऱ्या दिवशीपासून चहाच्या ट्रेमधी दोन गोळ्या, एक माझी आणि एक तिची. गिळल्याशिवाय उठू द्यायचो न्हाय. मला अभिमान होता त्याचा.

सोनाली माझ्याशी बोलायची ती 'व्हय आबा' आणि 'न्हाय आबा', याच्या पलीकडं न्हाय. मी आत यायच्या आधी दारात खोकतो, ती पदर सावरती, मी आत जातो. सून-सासऱ्याचं एवढंच. जुलैत दिवस गेले, तर दोघा नवराबायकोनं ठरवलं की पाचवा लागल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाय. दोनदा सांगून बसलो, दोनदा दृष्ट लागली म्हणे. तुझ्या आईला दिवाळीपासून वास होता, पण ती बी गप. दिवाळीत सोनाली माहेरी सोनारीला गेली, तिथंच नाव नोंदवलं. तिथल्या नर्सबाईनं बीपी बघितलं, एकशे चोवीस-ऐंशी. एकदम झकास. "कुठली गोळी चालू हाय का?" असं विचारलं. ही म्हणाली, न्हाय.

खोटं नव्हती बोलत. तिच्या लेखी ती औषधाची गोळी नव्हतीच. चहा, चपाती, तशी आबांची गोळी.

तिनं मला सांगायचं कसं, आणि म्या तिला विचारायचं कसं? सासऱ्यानं सुनंला विचारावं, तुझी पाळी चुकली का म्हणून? आमच्या घरात जीभ झडली असती. आणि अशा विचारण्याबिगर जी गोळी देऊ नये, ती म्या रोज देत होतो.

अजून एक राहिलं. पहिल्या पत्रात 'गोळी आजपासून बंद केली' असं लिहिलं, ते खोटं हाय. चौकटीतली ओळ वाचल्यावर बी पाच दिवस, तेरा, चौदा, पंधरा, सोळा आणि काल सतराची सकाळ, म्या माझ्या हातानं तिला गोळी दिली. बंद केली असती तर राजपालनं विचारलं असतं, का बंद केली? मनाला सांगत होतो की बीपी चढंल म्हणून देतोय. खरं ते न्हाय. मला माझं नाव जपायचं होतं. तिनं तळहात पुढं केला, म्या गोळी ठेवली, आणि तोंड फिरवून माझी गिळली.

लई भ्या वाटतंय.

पिराजी

माकणी,
२३ डिसेंबर २०२४

संघप्रिया,

तुला राजपालनं आणि तिथल्या डाक्टरीणबाईनं फोनवर सगळं सांगितलंच असंल. तरी माझ्या डोळ्यानं दिसलं तेवढं लिहितो. लिहिलं न्हाय तर डोस्क्यात तेच फिरत राहतं.

मला नको म्हणत होते, तरी टेंपोच्या मागं चढून सोलापूरला गेलो. बाहेर बाकड्यावर बसलो. दार उघडायचं, नाव पुकारायचे, बायका हसत बाहेर यायच्या. सोनाली आली ती भिंतीला धरून. पाणी पाच सेंटीमीटर. दहा-बाराच्या वर पाहिजे होतं.

मला वाटत होतं की ते पाणी आईचं असतं. तू तुझ्या आईला फोनवर समजावलंस, तेव्हा म्या पहिल्यांदा अंगणात न जाता उंबऱ्यात उभा राहून ऐकलं. ते पाणी लेकराचं असतं. लेकरू पोटात लघवी करतं, तेच पाणी त्याच्याभोवती राहतं, तेच ते गिळतं, त्यातच त्याची फुप्फुसं फुलतात. आणि लेकराची मूत्रपिंडं वाढायला तोच मुकादम लागतो, ज्याला म्या दोन वर्षं खाटंवर बसवून ठेवला. आईच्या अंगात बसवला आणि लेकराच्या अंगात बी बसवला. लेकराला लघवीच होईना म्हणून पाणी आटलं.

पंधरा दिवसांनी परत बघायचं. पाणी भरलं तर आशा हाय, न्हाय भरलं तर डाक्टरीणबाई पुढं बोलल्या न्हाईत. तू बी आईला पुढचं सांगितलं न्हाईस. तू गप बसलीस की मला जास्त भ्या वाटतं. लहानपणी बी तू मार्कं कमी पडली की गप बसायचीस.

राजपाल माझ्याशी बोलत न्हाय. ताटावर मी बसलो की तो उठतो. बरोबर हाय त्याचं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काल सकाळी सात वाजता सोनालीनं चहा आणला. ट्रेमधी एकच कप. माझा हात सवयीनं डब्याकडं गेला आणि तिथंच थांबला. ती बी थांबली. म्या खाली बघून म्हटलं, "पोरी, म्या तुला विचारायला पाहिजे होतं." तिनं कप माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "आबा, तुम्ही इचारलं असतं तरी म्या सांगितलं नसतं. लाजले असते." एवढं सलग वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. माझी चूक हलकी करायला म्हणाली असंल. मला ती जास्तच जड झाली.

त्या डब्याचं सांगतो. बिस्किटाचा तोच पत्र्याचा डबा, जो चार वर्षांपूर्वी तू गावासमोर अंगणात उधळलास. "आबा, तुम्ही डाक्टर न्हाईत, एक दिवस माणूस माराल," असं म्हणालीस, आणि म्या म्हटलं, माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाय. तू गेल्यावर गोळ्या वेचून परत भरला होता. मेलेल्या माणसांच्या उरलेल्या पट्ट्या बी त्यात होत्या. बंडप्पाच्या बापाच्या दोन होत्या. फेकायला जीव होत न्हाय आपल्या लोकांचा, चांगली गोळी हाय, कुणाच्या तरी उपयोगी पडंल.

परवा तुझ्या आईला संगं घेऊन ज्यांना ज्यांना गोळी दिली त्यांच्या घरी गेलो. पुरुषांना आणि म्हाताऱ्यांना सांगितलं, सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या, आपल्या मनानं गोळी बंद करू नका आणि माझ्याकडून बी घेऊ नका. बंडप्पा म्हणाला, "कंपाउंडर, तुमची गोळी म्हंजी अमृत हाय, येडे झालात का?" चाळिशीच्या आतल्या तीन बाया निघाल्या. मी अंगणात उभा राहायचो आणि तुझी आई आत जाऊन विचारायची. दोघी न्हाय म्हणाल्या. तिसरी, अंगणवाडीतली शिवकन्या. तिला अकरा वर्षांनी आस लागलीय, अजून काही न्हाय, पण दवाखान्यात उपचार चालू हाईत. आई बाहेर येऊन मला हे सांगत होती आणि मी तिथंच ओट्यावर खाली बसलो. शिवकन्येनं पाणी आणून दिलं. बिचारी माझ्याच तब्येतीची चौकशी करत होती.

पंधरा दिवस कसे काढू, सांग.

पिराजी

माकणी,
७ जानेवारी २०२५

संघे,

पाणी नऊ झालं.

तुला कळलंच असंल. तरी म्या माझ्या हातानं एकदा लिहून बघतो. नऊ. डाक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी बंद केल्याचा गुण हाय. पण मूत्रपिंडं किती शाबूत हाईत ते जन्माला आल्याशिवाय सांगता येणार न्हाय. लेकरू लघवी कसं करतं ते बघू, म्हणाल्या. तवापासून माझं सगळं भ्या त्या एका गोष्टीवर येऊन बसलंय. नाकडोळे, रंग, पोरगा का पोरगी, कशाचंच काही न्हाय. लघवी होईल का, एवढंच.

दुसरी गोष्ट. दवाखान्यातल्या डाक्टरांनी माझी बी गोळी बदलली, आणि बाराव्या दिवशी माझा खोकला थांबला. तू तेव्हाच म्हणाली होतीस, "आबा, हा खोकला बिडीचा न्हाय, गोळीचा हाय." म्या तुला काय उत्तर दिलं होतं, ते तुझ्या ध्यानात असंल. सोनालीचा बी थांबला. दोघं एकाच गोळीनं खोकत होतो आणि तुझी आई दोघांना काढा देत होती.

पण खोकला गेला आणि माझी पंचाईत झाली. आता दारात खोकायचं कसं? परवा तसाच आत गेलो तर सोनाली पाय सोडून बसली होती. सुजलेत पाय. दचकून उठायला गेली आणि तोल जाता जाता राहिली. तवापासून दारात थांबून बोलतो, "सोनाली, येऊ का आत?" ती म्हणती, "या आबा." मग मी विचारतो, डोकं दुखतंय का? डोळ्यापुढं अंधारी येती का? लेकरू हलतंय का? पहिल्या दिवशी दोघं बी भिंतीकडं बघून बोललो. आता ती सोता सांगती, "आबा, आज सकाळपासून सतरा वेळा हललं." म्या गोळीबिळी देत न्हाय. नुसतं विचारतो. विचारायला काय लागत होतं गं?

ते उंबऱ्याचं म्या बोललो होतो, ते शब्द मी परत घेतो. उंबरा तुझा बी हाय.

आबा

सरकारी दवाखाना, धाराशिव
२९ मार्च २०२५

संघप्रियास अनेक आशीर्वाद.

पहिल्या पत्रात सोडलेली जागा भरली. तू गाडीत हाईस आणि फोन लागत न्हाय. हे पत्र टपालात टाकणार न्हाय, तू आलीस की हातात देईन. पेन राजशेखरकडून घेतलंय. राजपालच्या संगं टेंपोवर असतो तो. बाहेर कडक ऊन पडलंय आणि इथं बसून माझे पाय गार पडलेत.

काल सोनालीचं बीपी एकशे सत्तरच्या वर गेलं, म्हणून घाईनं पोट कापून काढलं. दुपारी पाऊण वाजता. पोरगी हाय. पावणेदोन किलो. रडली, पण बारीक. काचेच्या पेटीत ठेवलीय. सोनाली शुद्धीवर हाय, बीपी उतरतंय. तिचा धोका टळला म्हणाले.

सकाळी तुझं शेवटचं बोलणं झालं तेव्हा तू म्हणालीस, "आबा, लघवी झाली का तेवढं बघा. चोवीस तासांत होती. काहींना जरा उशीर लागतो." त्या 'जरा'वर म्या तवापासून टांगून बसलोय.

दहा वाजता नर्सबाईला विचारलं. न्हाय झाली.

साडेअकराला विचारलं. न्हाय. "आजोबा, झाली की सांगते, सारखं उठू नका," म्हणाल्या. तोंड बघितलं त्यांचं. मी चाळीस वर्षं दवाखान्यात काढलीत, पेशंटच्या माणसांना धीर देतानाचं तोंड कसं असतं ते मला ठाऊक हाय. म्या बी तसंच करायचो.

पाऊण वाजला. चोवीस तास झाले. तुझ्या आईनं पदर तोंडाला लावलाय. डाक्टर आत गेले आणि बाहेर येऊन दुसऱ्या डाक्टरांना बोलावून घेऊन गेले. काचेतून मला पोरीचा नुसता पाय दिसतो, माझ्या अंगठ्याएवढा. त्या पायानं माझं काय बिघडवलं होतं? जन्मायच्या आधी तिनं माझ्या गोळ्या खाल्ल्या. तिनं तर हात बी पुढं केला नव्हता.

दोन वाजले. राजपाल शेजारी येऊन बसला. चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घ्या आबा. सकाळपासून काही न्हाय पोटात." तीन महिन्यांनी बोलला. माझ्या हातातून चहा सांडला, तर त्यानं कप धरला. मी म्हटलं, "राजा, तिला काही झालं तर..." तो म्हणाला, "गप बसा." रागानं न्हाय म्हणाला. त्याला बी भ्या वाटत होतं.

आता तीन वाजायला आलेत. मधे लिहायचं थांबवलं होतं. काय झालं ते सांगतो. नर्सबाई दारात आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पेटीतल्या मुलीचं कोण हाय?" राजपालला उठवंना. मी उठलो. त्यांच्या हातात एक दुपटं होतं, तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याचं, तिनंच शिवलेलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, हे धुऊन वाळत घाला. आणि दुसरी चार-पाच आणून ठेवा, लागतील."

मी दुपटं हातात घेतलं. त्या हसल्या. "अहो, मुतली तुमची नात."

मूत्रपिंडाची तपासणी व्हायची हाय. महिन्यानं परत, मग सहा महिन्यांनी परत. भ्या गेलं न्हाय, संघे, ते आता माझ्यासंगंच राहणार. तुझी आई नळाकडं बोट दाखवून कधीची ओरडतीय, "अवो, धुवा की ते!" तू येईस्तोवर म्या धुणार न्हाय. मांडीवर घेऊन बसलोय. तू डाक्टर हाईस, तूच हात लावून बघ आणि मला सांग. ओलं हाय ना?

आबा